चंद्री घाट चढते

“किती बूस्ट देऊ, उस्ताद? नुसता आकडा सांगा!”

सर्जेराव खोत गोठ्याच्या दारात छाती काढून उभा होता. गोठा आपला म्हणायला. म्हशी कधीच्याच मागच्या शेडात गेल्या होत्या आणि त्यांच्या जागेवर चंद्री उभी होती. चंद्री म्हणजे आबांची, सर्जेरावाच्या वडिलांची, गोल नाकाची जुनी टॅक्सी. सर्जेराव मूळचा तालमीतला गडी. कुस्ती सुटली आणि इंजिनाचा नाद लागला. लागला म्हणजे काय, खुळाच झाला की!

इंजिन त्यानं स्वतः खोलून नव्यानं बांधलं होतं. भंगारबाजारातून एका जीपचा टर्बो आणून बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीचा जोर वाढतो. किती कोंबायची, तोच बूस्टचा आकडा.

दस्तगीर उस्ताद बाजेवर बसले होते. शर्यतीची इंजिनं बांधण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या कोल्हापुरात कुणी नव्हता. सर्जेराव दर रविवारी त्यांच्याकडं शिकायला जायचा. आज पहिल्यांदाच उस्ताद त्याच्या दारी आले होते.

“आकडा ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तिला बोलू दे. चल, माळाच्या चढावर.”

सपाटीला चंद्री मांजरागत गुरगुरत गेली. सर्जेराव खुशीत आला. चढ लागला तसा त्यानं पाय दाबला... आणि इंजिनातून आवाज आला. तड... तडतड... तडतडतड. भट्टीत फुटाणे उडावेत तसा.

“काय रं हे?”

“जोर हाय, उस्ताद!”

“व्हय? मार खाती ती आतनं. पाय काढ.”

सर्जेरावाचा चेहरा पडला. चंद्रीच्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मूळ सांगाड्याला, हा शेवटचाच बोअर होता; आणखी कोरायला त्यात जागा उरली नव्हती. आता आत काही फुटलं तर दुसरं इंजिन मिळायचं नाही, आणि मग सगळंच राहिलं असतं.

सगळंच म्हणजे आंबा घाट. आबा उमेदीत रत्नागिरीचं भाडं मारायचे. येताना घाटात, पाण्याच्या वळणावर, चंद्री हटकून तापायची. पॅसेंजर खाली उतरायचे, आबा झऱ्याचं पाणी आणून तिला पाजायचे, आणि मग माणसं पुढं चालत, गाडी मागनं रिकामी. ‘गाडी आबांची, चाल पॅसेंजरांची!’ अजूनही गावातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी हे म्हणायचंच. आबा सगळ्यांच्या आधी हसायचे. सर्जेरावाला मात्र ते काट्यासारखं सलायचं. आबांचं वय झालं होतं. ते आहेत तोवर एकदा, फक्त एकदा, त्यांना मागच्या सीटवर बसवून न थांबता घाट चढायचा, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

घरी आल्यावर उस्तादांनी इंजिन उघडायला लावलं.

“हेड घासलंस?”

“घासलं की. झाकण खाली आलं की आत जागा कमी, तेवढा दाब जास्त. तुम्हीच शिकिवलंय!”

“आन् पिस्टन?”

“घुमटाचे घातल्यात. पॉलिश बघा उस्ताद, तोंड दिसतंय!”

उस्तादांनी पिस्टन हातात घेतला. त्यात तोंड पाहिलं. मिशा सारख्या केल्या.

“झकास,” ते म्हणाले. “पैलवान, हिकडं ये. छाती भर.”

“आँ?”

“श्वास घे. घे घे. आनखी घे.”

सर्जेरावानं श्वास घेतला. शर्टाच्या गुंड्या ताणल्या. मान फुगली. कान लाल झाले.

“सोडू नको. आता आनखी घे.”

“...”

“घे की! का, ताकद न्हाई?”

“...”

ओट्यावर बसलेले आबा हसून हसून खोकायला लागले. “आवो उस्ताद, सोडा त्याला! फुटंल माझं पोरगं!”

हुश्श करून सर्जेरावानं श्वास सोडला. मागच्या शेडातली म्हैस बिचकून उठली.

“कुठं घेऊ?” तो धापा टाकत म्हणाला. “जागाच न्हाई आत!”

उस्तादांनी तो पिस्टन त्याच्या तळहातावर ठेवला.

सर्जेराव त्या घुमटाकडं बघत राहिला. किती रात्री घासला होता तो. पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यानं त्यावरून अंगठा फिरवला...

“म्हंजे,” तो हळूच म्हणाला, “जोर वाढवायचा, तर आदी जोर कमी करायचा?”

“चहा ठेव,” उस्ताद म्हणाले.

लेथवर घुमट उतरवताना सर्जेराव तोंड फिरवून उभा राहिला. पिस्टनच्या माथ्यावर आता वाटीसारखा खड्डा पडला. हेडखाली जाड गॅस्केट आलं, आत हवेला जागा झाली. आणि एवढं करून उस्तादांनी टर्बोचा पाइपच काढून खिडकीत ठेवला.

“नवं बांधकाम हाय. जरा मुरू दे. आशीच चालव.”

“आशीच?”

“आशीच.”

झालं! चंद्रीच्या अंगात वारंच उरलं नाही. सर्जेराव गावातनं निघाला की सायकलवाले घंटी वाजवून पुढं जायचे. दूध घालायला निघालेली सासुरवाडीची मंडळी हात करायची, “पावनं, ढकलायला येऊ का?” आबा तर रोज संध्याकाळी नियमानं विचारायचे, “आज कुनी मागं टाकलं रं? माझ्या वेळंला निदान सपाटीला तरी पळत हुती!” सर्जेराव आधी चिडला. मग एक दिवस, एका म्हाताऱ्याच्या मोपेडनं ओव्हरटेक केल्यावर, त्याला स्टिअरिंगवरच हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

त्या रविवारी उस्ताद आले ते थेट खिडकीकडंच गेले. पाइप काढला, फुंकर मारली, जागेवर बसवला. कान इंजिनाला लावून थोडा स्क्रू फिरवला.

“किती बूस्ट ठिवला, उस्ताद?”

“तिला सोसंल तेवढा.”

सर्जेरावानं परत आकडा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. उस्ताद पुढं, आबा मागं, मांडीवर टोपी. घाट उतरून साखरप्याला चहा घेतला आणि गाडी कोल्हापूरच्या दिशेनं वळवली. चढ सुरू झाला. सर्जेरावानं स्टिअरिंग घट्ट धरलं. त्यानं पाय दाबला. काहीच झालं नाही. क्षणभर चंद्री विचारात पडल्यासारखी रेंगाळली...

आणि मग बॉनेटखालून शीळ आली. बारीक, गोड, चढत जाणारी. पाठीला सीटचा धक्का बसला. मागनं कुणीतरी ढकलावं तशी चंद्री उसळली.

“आरं तिच्या मायला!” आबा ओरडले. टोपी खाली पडली.

आवाज ऐकायला सर्जेरावानं काच खाली केली. तडतड नाही, फडफड नाही. जांभ्या दगडानं भरलेला एक ट्रक मागं पडला. मग एक एसटी मागं पडली, आणि खिडकीतल्या बायका वाकून बघायला लागल्या. आबा दोन्ही हात वर करून त्यांना रामराम घालत होते, उमेदवार निवडून आल्यासारखे. “आवो, ही चंद्री! चंद्री हाय ही!” सर्जेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडभर हसू. आयुष्यात इतका आनंद त्याला कुठल्याच मैदानात झाला नव्हता.

पुढचं वळण पाण्याचं. तापमानाचा काटा मधोमध, इंजिन गार. सर्जेरावानं तिसरा गिअर धरून ठेवला. आता फक्त हे वळण!

मागून खांद्यावर हात पडला.

“थांबिव,” आबा म्हणाले.

“आबा? काटा बघा की! तापली न्हाई ती. आज न्हाई थांबायचं!”

“थांबिव म्हंतो.” आबा चपला चाचपत होते. चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. झऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला होता.

सर्जेराव पार गोंधळला. एवढा खटाटोप केला तो कशासाठी? पाय ॲक्सिलरेटरवर, नजर वळणावर, शीळ चालूच.

“उस्ताद, तुमी तरी सांगा ह्यास्नी! थांबायची काय गरज हाय?”

उस्ताद काचेबाहेर बघत होते. दाढीत हसत होते.

“गरज न्हाई...” ते म्हणाले. “म्हनून तर थांब.”