बाभळीवरची कावळी

फार मागं, ओढ्याकाठच्या बाभळीवर एक कावळा, एक कावळी आणि त्यांची दोन पिल्लं राहायची. त्या साली पाखरांत मानमोडीची साथ आली. कावळ्यांची रीत अशी, की एक मेला की सगळ्यांनी भोवती जमून रडायचं. रडून परतायचे ते रोग घेऊनच.

कावळाही असाच शेजाऱ्याला रडायला गेला. परतला तेव्हा मान धरत नव्हती. तो बाभळीखालीच पडून राहिला. "खाली येऊ नकोस गं, पिल्लं सांभाळ," एवढं बोलला आणि गेला.

सगळा गोतावळा रडायला निघाला. कावळी वरूनच ओरडली, "येऊ नका! लांबूनच रडा."

थोरली जाऊ फणकारली, "नवऱ्याला चार आसवंही नकोत? दगडाची गं बाई तू!"

"हवीत, जाऊबाई. पण आपल्या झाडावरून गाळा. पिल्लं तुम्हालाही आहेत."

जाऊ मागं फिरली. कावळी फांदीवर एकटीच रडत बसली. तिन्हीसांजेला पलीकडच्या चिंचेवरून जावेनं गळा काढला. मग झाडाझाडावरून रडणं उठलं, पण जागचं कुणी हललं नाही.

पुढं रोग ओसरला. कावळीची दोन्ही पिल्लं उडाली, आणि जावेचीही.