वारशात आलेली तहान

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या पट्टशिष्याचे अध्ययन पूर्ण झाले. त्याचे नाव त्रिंबक. त्याने ज्याचा जुनाट ज्वर बरा केला होता, त्या व्यापाऱ्याने या आनंदात सर्वांना जेवायला बोलावले आणि द्राक्षांच्या उंची मद्याचे पेले भरले. इतर शिष्यांनी ते घेतले. कुणाला गोडी वाटली, कुणी तोंड वाकडे करून पेला खाली ठेवला. वैद्य शांतपणे पाहत होते. पण त्रिंबकाने पेला ओठांशी नेला, तोच त्यांनी हाताच्या एका फटक्याने तो उडवला.

बारा वर्षांत गुरुजींनी कधी आवाजही चढवला नव्हता. त्रिंबकाचे कान तापले. इतरांना मुभा आणि आपल्यालाच ही शिक्षा का, हे त्याला कळेना. अंगणात येऊन त्याने तसे विचारलेही.

वैद्य म्हणाले, "तुझे वडील कशाने गेले?"

"पुरात वाहून गेले. आईने तसेच सांगितले आहे."

"ते दारूने गेले, त्रिंबक. तुझे आजोबाही. लोकलाजेपायी तुझ्या आईने पूर सांगितला. तुझे वडील माझे मित्र. त्यांना पहिला पेला मीच दिला होता. आम्ही दोघे एकाच दिवशी, एकाच भांड्यातून प्यालो. मी दुसऱ्या दिवशी विसरून गेलो. त्यांना ते विसरता आले नाही. मी त्यांना दुबळ्या मनाचे म्हणत राहिलो. त्यांच्या रक्तात काय होते, हे मला त्यांची चिता पाहिल्यावर उमगले."

त्रिंबक पायरीवर बसला. पुराचे ते पाणी त्याने लहानपणी कितीदा स्वप्नात पाहिले होते, आणि ते कधी आलेच नव्हते. तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, मी आधीच चाखले आहे. औषधी आसवातही मद्यच असते. ते मुरले का, हे पाहायला चमचाभर घेत होतो. गेले दोन महिने रोज घेतो आहे. आता चमच्याने भागत नाही."

आता वैद्यांचा चेहरा उतरला. ज्याला जपायचे म्हणून बारा वर्षे जवळ ठेवले, त्याच्याच हाती आसवांचे रांजण त्यांनी सोपवले होते, आणि कारण मात्र सांगितले नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगायला मी उशीर केला. हा माझा अपराध, तुझा नव्हे. पण नीट ऐक. रक्तातून कल येतो, निकाल येत नाही. उताराच्या वाटेवर जन्मलेल्याला घसरण्याचे भय अधिक, एवढेच. त्याला वाट ठाऊक असेल तर तो पाऊल जपून टाकतो. तुझ्या वडिलांना ती कुणी सांगितली नाही."

त्या दिवसापासून आसवे दुसरा शिष्य करू लागला. पहिले काही आठवडे त्रिंबकाला फार जड गेले. हात कापत, झोप उडे. वैद्य जवळ बसून राहत. वर्षभराने तो बहिणीच्या गावी गेला. तिचे दोन मुलगे मिसरूड फुटण्याच्या वयाचे झाले होते. त्यांना समोर बसवून त्याने त्यांच्या आजोबांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, मृत्यूची खरी हकीकत सांगितली. बहीण रडली, पण तिने त्याला थांबवले नाही.

घराण्याची शेतीवाडी आपण मुलांना बांधापर्यंत दाखवतो. घराण्याचे दुखणेही तसेच दाखवावे.