परीक्षकांना नमस्कार

"पण लेखक कोण आहे, एवढं तरी सांगा ना, सर!"

"नाही सांगता येत."

हिर्लेकर सरांनी हातातल्या मुद्रितावरून मानही वर केली नाही. विद्यापीठाच्या प्रकाशन विभागातली कोपऱ्यातली ती खोली, तिथं एकतीस वर्षं ते शोधनिबंधांचं त्रैमासिक काढत होते. समोर बसलेला उद्धव चिंचोलकर त्यांचाच विद्यार्थी. आता विभागप्रमुख, वर तीन समित्यांवर, आणि ते त्याच्या नुसत्या चालण्यावरूनही कळायचं.

त्रैमासिकाची रीत कडक होती. आलेल्या लेखावरचं नाव काढायचं आणि तो जाणकाराकडे तपासायला पाठवायचा. परीक्षकाला लेखक ठाऊक नसायचा, लेखकाला परीक्षक. मध्ये एकटे सर.

"अहो, काय लेख आहे! छप्पन्न गावांतल्या शेतांची नावं. सासूवावर, तहानमळी, रडकी पट्टी... आणि प्रत्येक नावामागची हकिकत, बांधावर उभं राहून विचारलेली! आमच्या विभागात आहे का कोणाची छाती? मी चार पानं अभिप्राय लिहिलाय. एक दुरुस्ती काढली नाही. मी, सर! मी काढली नाही!"

"वाचायला किती वेळ लागला?"

"एका बैठकीत संपवला. परवाच्या रविवारी."

"आणि वाचायला घ्यायला?"

उद्धव हसला. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते, निदान त्याला तसं वाटलं. अकरा महिने. आधी त्याचं पुस्तक होतं, मग परिषद, मग निवड समिती. शिवाय खरं सांगायचं तर लेख हातानं लिहिलेला, रेघी कागदावर. पाकिटातून पहिलं पान अर्धवट ओढून पाहिलं आणि त्यानं ठरवून टाकलं, असेल कोणी हौशी. पाकीट गेलं कपाटावर. सरांची चार स्मरणपत्रं आली. चारही वेळा त्यानं एकच ओळ लिहिली : 'बारकाईनं वाचतो आहे, थोडा वेळ द्यावा.'

धडधडीत थाप. पण परीक्षक मंडळी अशा थापा मारतातच, त्यात काय एवढं!

"उशीर झाला खरा," तो म्हणाला. "पण आता पुढच्याच अंकात घेऊन टाका. आणि त्या माणसाला माझ्याकडे पाठवा. प्रकल्पात घेतो त्याला. सोनं होईल त्याचं."

"पुढच्याच अंकात घेतोय," सर म्हणाले. "नावाआधी 'कै.' लावायला सांगितलंय."

...

उद्धवला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कधी?"

"दीड महिना झाला."

सरांनी फायलीतून एक पत्र काढलं. उद्धवसमोर धरलं. खाली सही होती, तिच्यावर सरांनी अंगठा ठेवला.

"वाच. अंगठ्याखालचं सोडून."

अक्षर बाईचं होतं.

'...आईला जाऊन आज तेरा दिवस झाले. शेवटचे चार महिने ती अंथरुणालाच खिळली होती. तुमची पत्रं उशाखाली असायची. परीक्षक लेख बारकाईनं वाचत आहेत, असं तुम्ही दर वेळी कळवलंत. भेटायला येईल त्याला ती ते वाचून दाखवायची. म्हणायची, जन्मभर मी पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही कोणीतरी इतकं मन लावून तपासतंय. घाई करू नका म्हणावं त्यांना. परीक्षकांना तिचा आणि आम्हा सर्वांचा नमस्कार कळवावा...'

उद्धवनं पत्र पुन्हा वाचलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"तुम्ही... तुम्ही तिला तसंच कळवलंत?"

"तू लिहिलंस तेच कळवलं. दुसरं काय कळवणार होतो?"

"शिव्या द्या मला, सर."

सरांनी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते बसून राहिले, म्हातारे, थकलेले, आणि उद्धवला पहिल्यांदाच लक्षात आलं की सरांचेही डोळे लाल आहेत. चार वेळा ती थाप त्यांच्याच हातानं गेली होती.

"गाव सांगा," उद्धव उठला. "रीतबीत गेली खड्ड्यात. मी आत्ता निघतो. तिच्या मुलीच्या पाया पडतो. खरं काय ते सांगून टाकतो."

"काय सांगशील?"

"की परीक्षक मी होतो. की मी..."

"हं. पुढे?"

...

"सांग ना. की तुझ्या आईची वही कोणी उघडलीच नव्हती?"

उद्धव मटकन खाली बसला. त्या घरात आईबद्दल बोलणं निघत असेल तेव्हा काय बोललं जात असेल, ते त्याला दिसलं. कोणीतरी मोठा माणूस तिचं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचत होता. एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं, आणि तो आपलं मन हलकं करायला तेही काढून घ्यायला निघाला होता.

"मग हा नमस्कार..." त्यानं पत्राकडे बोट केलं. "याचं मी काय करू, सर? घेता येत नाही, परत करता येत नाही."

"नाही येत."

"मग करू तरी काय?"

आणि पन्नाशीचा विभागप्रमुख, ज्याच्यासमोर विद्यार्थी उभे राहायला घाबरत, तो ओंजळीत तोंड घालून रडला. सरांनी त्याला रडू दिलं. पाठीवरून हातही फिरवला नाही.

बऱ्याच वेळानं सर उठले. कपाट उघडलं. आतून एक जाड पाकीट काढलं, त्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि उद्धवच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं डोळे पुसले. पाकीट उघडलं. दुसऱ्याच कोणाचं तरी बारीक, तिरपं अक्षर, समास सोडून लिहिलेलं.

"अभिप्राय..." त्यानं विचारलं, "कधीपर्यंत हवा, सर?"

"ते मला कसं ठाऊक असणार, बाबा?" हिर्लेकर सर म्हणाले. "आज लेखक जिवंत आहे."