पहिल्या रांगेतला बाप

वडील हजर असतील तरच शिस्तीची ढाल, नाहीतर ढाल कपाटात! संस्थेचे सदर, म्हणजे अध्यक्ष, गफूरसाहेब परकार यांनी हे फर्मान काढलं आणि खाडीकाठच्या मुलींच्या इस्लामी हायस्कुलात एकच कुजबुज उठली.

साहेबांचंही अगदीच चूक नव्हतं. मागच्या पालकसभेला दीडशे आया आल्या होत्या आणि वडील आले होते फक्त नऊ. त्यातले दोघे तर घोरत होते. "मुली काय एकट्या आयांच्या आहेत?" म्हणून साहेब तापले होते.

पण यंदाची ढाल ठरली होती नववीतल्या मैमुना नाखवाला. ती पलीकडच्या काठावरून रोज पहिल्या होडीने यायची. वर्षभरात एक दिवस उशीर नाही, स्कार्फची पिन कधी वाकडी नाही, दुपारच्या जुहरच्या नमाजाच्या रांगेत कधी खुसफूस नाही. आणि तिचे अब्बा, इस्माईल, खलाशी. त्यांचं जहाज त्या वेळी ब्राझीलच्या वाटेवर होतं. बक्षीस समारंभ होता येत्या रविवारी!

मैमुना साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"साहेब, अब्बा जहाजावर आहेत."

"मग उतरू दे की त्यांना."

"कुठे साहेब, पाण्यात?"

शेजारी बसलेल्या मोठ्या बाईंना एकाएकी खोकला आला.

"फोनवर चेहरा दाखवला तर चालेल?" मैमुनाने विचारलं.

"शाळेच्या आवारात मोबाईल बंद. नियम मीच केलाय."

"मग चिठ्ठी?"

"वडिलांच्या चिठ्ठ्या पोरीच लिहितात, ते मला ठाऊक नाही होय?" साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवला. "हे बघ बेटी. काका नको, मामा नको, आणि आई तर नकोच, आया येतातच. पहिल्या रांगेत तुझ्या वडिलांसाठी एक खुर्ची ठेवतो. ती त्यांच्या नावाने भरली की ढाल तुझी. शब्द देतो."

"त्यांच्या नावाने भरली की ढाल माझी," मैमुना म्हणाली आणि सलाम करून निघाली.

घरी अम्मी सुरमई कापत बसली होती. ही जुबेदाबी. धक्क्यावर मासळीच्या लिलावात तिच्यापुढे भलेभले व्यापारी नरम पडायचे. तिने सगळं ऐकलं आणि कोयत्याकडे बघत म्हणाली, "मग काय, दाढी लावून मी येऊ?"

"दाढी नको अम्मी. दोन साक्षीदार मात्र लागतील."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बांचा फोन आला. मैमुनाने शेजारच्या दाऊदचाचा आणि कासमचाचांना बोलावून बसवलं, फोनचा आवाज मोठा केला आणि अब्बांना दोन वाक्यं बोलायला सांगितली. अब्बा बोलले. चाचांनी माना डोलावल्या. अम्मीला मात्र हसू आवरेना.

रविवारी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर वडिलांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या. जुबेदाबी ताठ मानेने आली, 'इस्माईल नाखवा' लिहिलेली खुर्ची शोधली आणि ऐसपैस बसली.

"जुबेदाबी, या खुर्च्या वडिलांच्या आहेत," साहेब मंचावरून म्हणाले.

"ठाऊक आहे साहेब. मी मैमुनाचा बाप म्हणूनच आलेय."

सभागृहात खसखस पिकली.

"थट्टा करता?"

"थट्टा करायला लिलाव सोडून कशाला येऊ?"

तेवढ्यात मैमुना उभी राहिली. "साहेब, परवा अब्बांनी दोन साक्षीदारांसमोर अम्मीला आपली वकील नेमलंय. शाळेच्या कामात ती बोलेल ते अब्बांचं बोलणं, ती बसेल ते अब्बांचं बसणं."

"आम्ही या कानांनी ऐकलंय," मागून दोन्ही चाचा म्हणाले.

"वकील?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. "अगं, वकील कोर्टात चालतो. पालकसभेला माणूस लागतो!"

"एक विचारू साहेब? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मागच्या शाबान महिन्यात तुमच्या मुलाचा, जमीलभाईंचा, निकाह झाला. सगळा गाव जेवायला होता. फक्त जमीलभाईंनाच कतारहून यायला रजा मिळाली नव्हती. मग काझींनी विचारल्यावर 'कबूल आहे' कोण म्हणालं?"

साहेबांनी दाढी कुरवाळली. "मी. त्याचा वकील म्हणून."

"कबूल तुम्ही म्हणालात. मग दुल्हन कुणाची झाली?"

बायकांच्या बाजूला आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. त्यातच साहेबांच्या बेगम, रशीदाबी, बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा की हो. मलाही ऐकायचंय."

"जमीलची! अर्थात जमीलची," साहेब घाईघाईने म्हणाले.

"म्हणजे नवरदेव कतारला असूनही हजर धरला," मैमुना शांतपणे म्हणाली. "साहेब, वकिलाच्या एका शब्दावर जन्माची बायको घरी येते. मग एक लाकडी ढाल येणार नाही?"

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग बेगमकडे. आणि असे हसत सुटले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसू ओसरल्यावर त्यांनी ढाल उचलली आणि मोठ्याने हाक मारली, "इस्माईलमियाँ, वर या!"

जुबेदाबी मंचावर गेली आणि लेकीच्या बरोबरीने तिने ढालीला हात लावला.

"माझी एक ढाल गेली, आता एक खुर्चीही जाऊ दे," साहेब म्हणाले. "आपल्या पालक समितीत आजवर सगळे पुरुषच होते. पुढच्या बैठकीपासून तुम्ही यायचं. आणि कुणाच्या वकील म्हणून नाही हं, जुबेदाबी म्हणून."

जुबेदाबीने ढाल लेकीच्या हातात दिली.

"येईन साहेब. पण बैठक दहानंतर ठेवा, तोवर माझा लिलाव असतो. उशीर झाला, तर शिस्तीसाठी तुम्ही माझ्या बापाला बोलवायचे!"