रुमालाखालचा हात

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाची लेकरं आता कुणाकुणाचे खापरपणजोबा झाली असतील. पण झोपायला मात्र ती तेव्हाही आढेवेढेच घ्यायची.

एका गावात गुरांची दलाली करणारी एक बाई होती. पंचक्रोशीत रोज कुठे ना कुठे बाजार भरायचा आणि ही पहाटेच खांद्यावर लाल रुमाल टाकून निघायची. भाव तोंडाने बोलायचा नाही, अशी तिथली रीत. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबायची, की बैल एका दावणीचा दुसऱ्या दावणीला. बाईचा हात असा बसलेला, की विकणारा खूश आणि घेणाराही खूश.

घरी मात्र बाईसाहेब रोज हरायच्या. हरवणारी होती त्यांची चार वर्षांची लेक, ठकी.

ठकी दिवसभर शेजारच्या मावशीकडे शहाण्यासारखी राहायची. रात्री अंथरूण घातलं, की तिला तहान लागायची, मग शू लागायची, मग भिंतीवरची पाल बघायची असायची.

"हा तर साधा सौदा," बाई मनात म्हणाली. "ठके, एक गोष्ट सांगते, मग झोपायचं."

"दोन."

"बरं, दीड."

"तीन!"

असं उलटं पळणारं गिऱ्हाईक बाईने जन्मात पाहिलं नव्हतं.

मग तिने बक्षीस लावलं. झोपलीस तर सकाळी बत्तासा. पहिल्या रात्री ठकी झोपली आणि बाईने स्वतःचीच पाठ थोपटली. चौथ्या रात्री ठकी म्हणाली, "दोन दे. एका डोळ्याला एक."

शेवटी बाईने हुकमी डाव टाकला. सौदा जमेना, की उठून चालू लागायचं. चार पावलांत समोरचा हाक मारतोच.

"नाही ना झोपत? मग मी चालले."

ठकीने हाक मारली नाही. ती इतकी रडली, की तिला शांत करेपर्यंत कोंबडा आरवला.

त्या दिवशी भर बाजारात, रुमालाखाली हात असतानाच, बाईला डुलकी लागली. लोक हसले. बाजाराचे पंच हसले नाहीत. "बाई, पुन्हा असं झालं, तर रुमाल दुसऱ्याच्या खांद्यावर जाईल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आपली गाय विकायला आली, घेणाराही शेजारीच उभा होता. बाईने बोट दाबलं, म्हातारीने मान हलवली. बाईने भाव चढवला, तरी नाही. आणखी चढवला, तरी नाही. बाईचे डोळे मिटायला लागले. ती कंटाळून म्हणाली, "आजी, तुम्हाला हवंय तरी काय?"

"आत्ता विचारलंस होय!" म्हातारी म्हणाली. "भाव पहिलाच बरा होता गं. पण पाठीवरून हात फिरवल्याशिवाय ही चारा खात नाही. घेणारा फिरवेल का, तेवढं विचार."

"फिरवीन की," घेणारा म्हणाला. सौदा तिथेच झाला.

बाई घरी गेली ती विचार करतच. रात्री तिने ठकीचा इवलासा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला.

"ठके, तुला काय हवंय गं?"

ठकीला बोटांचा हिशेब कुठला यायला! तिने आईचा हातच मुठीत धरला.

"मी झोपले की तू जातेस," ती म्हणाली. "उठते तर नसतेसच."

तीन गोष्टी, दोन बत्तासे, सगळं देऊन झालं होतं. एवढं एक विचारायचंच राहिलं होतं.

"उद्यापासून तुला उठवून, सांगून जाईन," बाई म्हणाली. "चालेल?"

"चालेल."

त्या रात्री आधी कोण झोपलं ते कुणालाच ठाऊक नाही. रुमालाखालचे हात मात्र सुटले नाहीत.

पहाटे बाईने ठकीला हलवलं. "येते गं."

ठकीने एक डोळा उघडला, आई दिसली, "ये," म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली. एका डोळ्याचा बत्तासाही मागितला नाही.

पंचांनी रुमाल बाईच्याच खांद्यावर ठेवला. ती आता बोट दाबण्याआधी प्रत्येकाला विचारते, "तुम्हाला हवंय काय?"

तात्पर्य: काय द्यायचं ते ठरवण्याआधी काय हवंय ते विचारावं, समोर गिऱ्हाईक असो, नाहीतर आपलंच लेकरू.