वळणावरची राख

त्या राज्यात सुख नाही, याबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं. दरबार घोड्यांचा होता आणि कष्ट गाढवांचे, पण या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. फरक इतकाच, की गाढवं ही गोष्ट पाणी पिता पिता बोलायची आणि विसरून जायची, तर घोड्यांनी तिच्यावर समिती नेमली होती. समितीने सात वर्षं खल केला आणि असं ठरवलं की सुख आहे, पण ते क्षितिजापलीकडे आहे. ते इकडे येत नाही, कारण त्याला कुणी बोलावत नाही. आणि बोलावता येत नाही, कारण ते दिसत नाही. तेव्हा टेकडीवर एक उंच बुरूज बांधावा, वर दुर्बीण बसवावी, सुख हेरावं आणि वाजतगाजत घेऊन यावं. हे सगळं चर्मपत्रावर लिहून झालं आणि दगड वाहायला गाढवं लावली गेली.

त्या कामावर रायाजी नावाचं एक खेचर मुकादम होतं. रायाजीचं आजोळ घोड्यांचं. आई दरबारातल्या पागेतली, हे तो ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगायचा. बापाचा विषय निघाला की मात्र त्याला खोकला यायचा. फारच कुणी खोदून विचारलं तर वडील बाहेरगावी असतात, एवढं सांगून तो कामाचं काहीतरी काढायचा. त्याचे कान जरा लांबच होते, म्हणून तो ते मागे घट्ट चापून ठेवी. दिवसभर कान चापून ठेवल्याने त्याचं कपाळ दुखायचं, पण मोठेपणाला थोडंफार सोसावं लागतंच, अशी त्याची समजूत होती.

दरबाराचे प्रधान अबलखराव यांनी त्याला एक वचन दिलं होतं. बुरूज मुहूर्तापर्यंत पुरा झाला, तर रायाजीला जरीचं खोगीर मिळेल आणि त्याची गणना घोड्यांत होईल. नाही झाला, तर त्याच्या पाठीवर गोणी चढेल आणि तो इतरांबरोबर दगड वाहील. रायाजीला गोणीचं ओझं वाटत नव्हतं. गोणी पाठीवर आली की आपण नेमके कुणासारखे दिसू, याचीच त्याला धास्ती होती.

टेकडीच्या वाटेवर मध्यावर एक वळण होतं. तिथे पूर्वी कधीतरी कुंभाराचा आवा असायचा. कुंभार गेला, मडकी गेली, राख तेवढी मागे राहिली. ऊनपावसाने ती पिठासारखी झाली होती. दगड वर टाकून गाढवं परत निघाली की प्रत्येक गाढव त्या वळणावर थांबायचं, रिकामी गोणी बाजूला टाकायचं आणि राखेत लोळण घ्यायचं. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, मग चारी पाय आभाळाकडे करून मधोमध. उठून अंग झाडायचं, एक दणदणीत शिंक द्यायची. मग मागचं गाढव पुढे येऊन, जिथे लोळूनही राख पोचत नाही ती मानेखालची जागा दातांनी हलकेच खाजवून द्यायचं आणि विचारायचं, “झाली का?”

“झाली.”

“कशी?”

“मऊ.”

एवढंच बोलणं. रोजचं, प्रत्येक खेपेचं, तेच. कुणी त्यात कधी एक शब्द वाढवला नाही की गाळला नाही. याला सुख म्हणावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. सुख तर क्षितिजापलीकडे होतं. ही नुसती लोळण होती.

मुहूर्त तीन महिन्यांवर आला आणि रायाजीची झोप उडाली. बुरूज अजून निम्माच होता. त्याने वाटेवर उभं राहून पाहिलं, तर वळणावर गाढवांची ही रांग. एक लोळतंय, एक खाजवतंय, बाकीची आपली पाळी येईपर्यंत जिभेने ओठ चाटत उभी. त्याचं माथंच भणाणलं. सुखासाठी एवढा खटाटोप चाललाय आणि ही मंडळी इथे लोळतायत! दुसऱ्या दिवशी राखेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं आणि एका खांबावर पाटी लागली : ‘येथे लोळू नये. सुखाच्या कामात व्यत्यय येतो.’

गाढवांनी दंगा केला असता तर रायाजीला बरं वाटलं असतं, कारण दंग्यावर उपाय त्याला ठाऊक होते. पण गाढवांनी मुकाट्याने ऐकलं. ती कुंपणाकडे बघायची, कान पाडायची आणि खाली जायची. पहिल्या आठवड्यात कामाला वेग आला. रायाजीने तसा निरोपही दरबारी धाडला. दुसऱ्या आठवड्यात पिराजी नावाचं एक शांत गाढव, ज्याने जन्मात माशीलासुद्धा शेपटी जोरात मारली नव्हती, त्याने मागच्याला लाथ घातली. तिसऱ्या आठवड्यात दगड वाटेतच घरंगळू लागले. कोण चढावर मध्येच बसकण मारतंय, कोण विनाकारण ओरडतंय. बुरुजाचा एक थर तर असा वाकडा बसला, की लांबून बुरूज कुणाशी तरी कुजबुजतोय असं वाटे.

रायाजीने उपाय केले. तो उपायांत कमी पडणारा नव्हताच. त्याने भाषण दिलं. त्यात सुख आल्यावर कसकशी मजा येईल हे इतकं सविस्तर सांगितलं, की निम्मी गाढवं उभ्या उभ्या पेंगली. त्याने ताशा लावला, तर दोघांनी बुजून दगड टाकले. मग त्याने ‘उल्हास सप्ताह’ जाहीर केला. रोज सकाळी सगळ्यांनी ओळीत उभं राहून दात दाखवायचे. दात सगळ्यांनी दाखवले, पण ते पाहून रायाजीच एक पाऊल मागे सरला.

शेवटी त्याने मोठ्या मनाने लोळण परत द्यायचं ठरवलं, पण शिस्तीत. दर शुक्रवारी, मोकळ्या मैदानात, शिटी वाजली की डावी कूस, दुसरी शिटी वाजली की उजवी. पहिल्या शुक्रवारी शिटी वाजली. गाढवं आज्ञाधारकपणे आडवी झाली आणि पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहिली. शिटीवर कुणाची पाठ खाजत नाही, हे मैदानातल्या सगळ्यांना कळलं होतं. रायाजीला ते उशिरा कळलं, कारण तो शिटी वाजवत होता.

आता खरं सांगायला हरकत नाही. स्वतः रायाजीची पाठ बारा वर्षं खाजत होती. मुकादम झाल्या दिवसापासून तो लोळला नव्हता. घोडे लोळत नाहीत, असं त्याने ऐकलं होतं. सांगणारा घोडाच होता, म्हणून त्याने शहानिशा केली नव्हती. मणक्याच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा मागे, एक जागा होती. झाडाला घासून ती मिळायची नाही, शेपटी तिथवर पोचायची नाही. भर सभेत प्रधानांचं बोलणं ऐकतानाही त्याचं अर्धं चित्त त्या जागेपाशी असे.

एके दुपारी सगळी गाढवं हौदावर पाणी प्यायला गेली असताना तो कुंपणाची तपासणी करायला वळणावर आला. निदान स्वतःला त्याने तसं सांगितलं होतं. कुंपण ठीक होतं. आत राख उन्हाने कोमट झाली होती. एका जागी काटे जरा विरळ वाटले, म्हणून ते आतून कसे दिसतात ते पाहायला तो आत शिरला. पाय राखेत घोट्यापर्यंत रुतला. त्यानंतर काय झालं ते त्याला नीट सांगता आलं नसतं. एवढं खरं, की थोड्या वेळाने मुकादम रायाजी चारी पाय आभाळाकडे करून पडला होता, चापून ठेवलेले कान दोन्हीकडे मोकळे पसरले होते आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघत होता तो आजोळचा निश्चितच नव्हता.

डोळे उघडले, तर कुंपणाशी धोंडाबाई उभी. धोंडाबाई ही त्या वाटेवरची सगळ्यात जुनी गाढवीण. बुरुजाच्या पहिल्या दगडापासून कामावर होती आणि विसरलेली गोणी न्यायला परत आली होती. रायाजीने घाईघाईने कान चापले. हिने चारचौघांत एक शब्द काढला तर खोगीर गेलं, घोडेपण गेलं, सगळं गेलं. पाय खाली घ्यावेत की वरच ठेवावेत, हेही त्याला सुचेना.

धोंडाबाईने त्याच्याकडे निवांत पाहिलं. मग ती त्याच फटीतून आत आली, तो उठेपर्यंत थांबली आणि त्याच्या मानेखालची जागा दातांनी हलकेच खाजवू लागली.

“झाली का?” तिने विचारलं.

त्याची मान आपोआप पुढे झाली. मग रायाजी म्हणाला, “झाली.”

“कशी?”

“मऊ,” तो म्हणाला.

धोंडाबाईने त्याच्या खांद्यावरची राख फुंकली. “तुझा बाप भिवा बी असाच,” ती म्हणाली. “आधी डाव्या कुशीवर. समदे उजव्या कुशीवर जायचे, ह्यो एकटा डाव्या. लई गुणाचा व्हता.” एवढं बोलून ती गोणी घेऊन निघून गेली. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालं आहे असं तिला वाटलंच नसावं.

रायाजी तिथेच उभा राहिला. बारा वर्षांत बापाचं नाव त्याच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं, आणि आज घेतलं तर त्याला खोकला आला नाही. त्याला रडू आलं, आणि त्याचबरोबर एक दणदणीत शिंकही आली.

त्या संध्याकाळी कुंपण निघालं. पाटी काढायला दरबाराची परवानगी लागली असती, म्हणून ती राहिली. गाढवांना वाचता येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो तिच्याकडे पाठ करून उभा राहू लागला. आठवड्याभरात पिराजीच्या लाथा थांबल्या, पुढच्या आठवड्यात दगड जागच्या जागी बसू लागले आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी बुरुजावर शेवटचा चिरा चढला.

मुहूर्ताला सगळा दरबार जमला. जरीचं खोगीर रायाजीच्या पाठीवर चढलं. ते नेमकं त्या खाजणाऱ्या जागेवर बसलं आणि तिथे बोचू लागलं. प्रधान अबलखराव बुरूज चढून वर गेले, मागोमाग रायाजी. प्रधानांनी दुर्बिणीला डोळा लावला. क्षितिजावर काही नव्हतं. क्षितिजापलीकडे दुसरं क्षितिज होतं आणि त्यावरही काही नव्हतं. खाली दरबार माना वर करून ताटकळला होता. प्रधानांना घाम फुटला. घटकाभराने त्यांची मान थकली, दुर्बीण हळूहळू खाली कलली, आणि ते एकदम ताठ झाले.

“दिसलं,” ते म्हणाले.

त्यांनी वर्णन सुरू केलं. एक प्रदेश आहे. तिथे चंदेरी धूळ उडते आहे. त्या धुळीत कुणीतरी पाय वर करून पडलं आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही आहे ते आपण दरबारात आजवर एकाही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. दुसरं कुणीतरी त्याच्या मानेपाशी वाकून काही गुप्त मंत्र सांगत आहे. हे बोलताना प्रधानांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली नगारे वाजू लागले.

रायाजीने दुर्बिणीचा रोख पाहिला. त्याला कळलं. गप्प बसला असता तर त्याचं भलं होतं, पण तो बोलला.

“श्रीमंत, ते लांब नाही. खालच्या वळणावरचं आहे. आमची गाढवं लोळतायत.”

प्रधान त्याच्याकडे बघून मायेने हसले. “रायाजी, वळणावर काय चालतं ते मला माहीत आहे. ती गाढवांची लोळण. आणि हे सुख. मला दोन्हींतला फरक कळतो.”

राजज्योतिषांनी अंतर काढलं. चाळीस दिवसांची मजल निघाली. दरबार त्याच दिवशी सुखाला आणायला निघाला. पुढे नगारे, मग निशाणं, मग प्रधान, मग सगळे सरदार घोडे आणि सगळ्यांत शेवटी, नवा घोडा म्हणून, रायाजी. वाट टेकडीवरून खाली एकच होती. मिरवणूक वळणावर आली तेव्हा भालदारांनी गाढवांना रस्त्यावरून हटवलं आणि गाढवं राखेत सरकून उभी राहिली. प्रधान त्यांच्यापासून दोन हातांवरून गेले. त्यांची नजर क्षितिजावर होती.

रायाजी वळणावर थांबला. त्याने पुढे जाणाऱ्या शेपट्यांकडे पाहिलं. मग एक झटका दिला. जरीचं खोगीर पाठीवरून सुटलं. ते दातांत धरून त्याने पाटीच्या खांबावर अडकवलं, ‘येथे लोळू नये’ ही अक्षरं त्याखाली झाकली गेली. त्याने कान मोकळे सोडले आणि तो आधी डाव्या कुशीवर गेला.

मिरवणूक लांब गेली. दरबाराच्या शेकडो टापांनी उडवलेली धूळ बराच वेळ हवेत तरंगत होती, ती आता वळणावर हळूहळू, चाळणीतून पडावी तशी, राखेवर उतरत होती.

धोंडाबाई पुढे झाली. तिने त्याच्या मानेखाली खाजवलं.

“झाली का?”

“झाली.”

“कशी?”

रायाजीने डोळे मिटून जरा विचार केला आणि त्या वाटेवर पहिल्यांदाच कुणीतरी उत्तरात शब्द वाढवले.

“आज जरा जास्तच मऊ.”