तळ्याकडे जाणारी नाव

त्या मुलखात सगळ्यांना वर जायचं होतं, कारण तळं वर होतं. खाली नुसतं डबकं. मधल्या डोंगरावर पूर्वजांनी पायऱ्यापायऱ्यांच्या हौदांचा एक कालवा बांधून ठेवला होता. नाव हौदात शिरली की मागचं दार लावायचं, तळ्याचं पाणी वरून सोडायचं; हौद भरला की नाव अलगद वर येई आणि पुढचं दार उघडे. रीत मात्र अशी, की दोन नावांनी एका हौदात चढायचं नाही. ज्याच्या त्याच्या मानाचा हौद निराळा भरायचा.

सगुणा बेडकीची पाळी आली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. अंडी तळ्यातच घालीन, डबक्यात मुळीच नाही, असा तिचा हट्ट होता. संध्याकाळपर्यंत पोचलं नाही, तर अंडी कुठेतरी कोरड्यावर पडून वाळणार होती.

पहिला हौद भरू लागला आणि सगुणाच्या पोटात गुदगुल्या झाल्या. भिंत खाली चालली की आपण वर, हेच तिला कळेना. काठावर ताशा कडाडला. दुसऱ्या हौदाशी खेकड्याने हार घातला. तिसऱ्यात तर तिला हसू आवरेना.

"कासवदादा, किती चढले हो मी!"

"चढलात खऱ्या," नावाडी कासव म्हणालं. "वल्हं तर मीसुद्धा हलवलं नाही."

शेवटच्या हौदात एक बारीक धार आली, जराशी नाचली आणि थांबली. नाव तळालाच राहिली. सगुणाने भिंतीवर चढून पाहिलं. तळ्याच्या जागी भेगाळलेला चिखल होता आणि आधी पोचलेली मंडळी हार घालून त्यात बसली होती, एकमेकांचं अभिनंदन करत. ती टुणकन नावेत परतली.

"दादा, मागे फिरा. आत्ताच्या आत्ता."

हौदामागून हौद रिकामा होत नाव उतरली. ताशा उतरतानाही तितक्याच जोरात वाजला.

खाली डबकं उरलंच नव्हतं. नजर पोचेल तिथवर हौदाहौदांतून उतरलेलं पाणी, आणि पाण्यावर वरच्या तळ्यातली सगळी कमळं. सगुणाने नावेतूनच उडी ठोकली आणि हसत हसत अंडी सोडली. मोकळी झाली बिचारी.

मग तिने नावा सुटायच्या घाटाकडे पाहिलं. तिथे नटूनथटून रांग लागली होती. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून सगळी तळ्याकडे जाणाऱ्या पुढच्या नावेची वाट पाहत होती.